वायोमिंगकर

वायोमिंग हे अमेरिकेतलं सर्वांत कमी वस्तीचं राज्य. आकार महाराष्ट्राच्या चार-पंचमांश आणि माणसं जेमतेम पावणेसहा लाख, म्हणजे साधारण कोल्हापूर शहराइतकी. तिथं गुरं आहेत, कोळसा आहे, यलोस्टोनची उकळत्या पाण्याची कारंजी आहेत, आणि अलीकडे नाशिक, सांगली, पिंपरी-चिंचवडकडच्या होतकरू तरुणांच्या कंपन्याही आहेत. मालक तिथं कधी गेलेला नसतो. राजधानी चेयेन नकाशावर नेमकी कुठं, हेही त्याला सांगता येईलच असं नाही. पण नावाखाली 'फाउंडर, वायोमिंग, यूएसए' झळकतं आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मावशी लिहिते, 'अभिनंदन बाळा, तिकडे थंडी फार, जपून रहा.' बाळ तेव्हा वरच्या खोलीत पंखा पाचवर ठेवून बसलेला असतो.

हा बाळ घडवणारी रील तुमच्याही मोबाइलवर येऊन गेली असेल. 'व्हिसा नको, विमान नको, सात दिवसांत अमेरिकन कंपनी. डॉलरमध्ये कमवा, कर शून्य, अमेरिकन बँकेत खातं, घरबसल्या.' सांगणारा दुबईच्या उंच इमारतीसमोर उभा. त्याचं प्रत्येक वाक्य थोडंथोडं खरं असतं, आणि म्हणूनच तो अजून उभा आहे.

विकली जाते ती एलएलसी. कंपनी बुडाली तर मालकाचं घरदार सहसा वाचतं आणि कर मात्र कंपनीवर न बसता थेट मालकावर बसतो, अशी ही दोन्ही बाजूंनी सोयीची रचना. ती गॅरेजमधल्या कुठल्या पोरांना सुचलेली नाही. हॅमिल्टन ब्रदर्स नावाच्या तेल कंपनीला पनामात मिळणारी सवलत स्वदेशात हवी होती. आधी त्यांच्या लोकांनी अलास्काच्या विधिमंडळाचं दार वाजवलं, तिथं जमलं नाही. १९७७ साली वायोमिंगनं तसा कायदा करून दिला. अशा कंपनीवर कर कसा लावायचा हे ठरवायला केंद्राच्या करखात्यानं १९८८ उजाडवलं, मग बाकीची राज्यं धावत सुटली, आणि १९९७ पासून तर कर कोणत्या पद्धतीनं भरायचा हे मालकानंच फॉर्मवर खूण करून सांगायचं, इतकी मोकळीक आली. तेलविहिरी खणणाऱ्यांच्या मापानं शिवलेला हा कोट आज लोगो डिझाइन करणारी मुलं घालून फिरतायत. बाह्या लांब होणारच.

कंपनी काढायला काय लागतं? कंपनीचं नाव, राज्यात पत्ता असलेला एक नोंदणीकृत एजंट आणि वायोमिंगमध्ये १०० डॉलर. बस. मालक कोण, हे राज्य विचारतच नाही. डेलावेअरही विचारत नाही. ज्या माणसानं चालू खातं उघडण्यासाठी गुमास्ता, भाडेकरार, लाइटबिल आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं मन या चारही गोष्टी जमवताना चपला झिजवल्या आहेत, त्याला हे पाहून गहिवरून येतं. इतका विश्वास त्याच्यावर सासऱ्यानंही टाकलेला नसतो.

मधे एकदा अमेरिकेलाच या विश्वासाची भीती वाटली. २०२१ साली संसदेनं कायदा केला, १ जानेवारी २०२४ पासून खऱ्या मालकाचं नाव, पत्ता आणि पासपोर्टची प्रत केंद्राच्या अर्थखात्याकडे देणं सक्तीचं झालं, दलालांनी त्याचं वेगळं पॅकेज काढलं, कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. मग मार्च २०२५ मध्ये त्याच अर्थखात्यानं जाहीर केलं की अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना आता हे काही लागू नाही. पॅकेजचे पैसे परत मिळाल्याचं ऐकिवात नाही.

पत्त्याची गंमत तर विचारूच नका. चेयेनमधल्या थॉम्स अव्हेन्यूवरच्या एका साध्या घराची गोष्ट रॉयटर्सनं २०११ साली छापली होती. त्या घरात दोन हजारांवर कंपन्यांचं बिऱ्हाड होतं. डेलावेअरातल्या विल्मिंग्टन गावी नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवर १२०९ क्रमांकाची एक बुटकी इमारत आहे. २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सनं मोजलं तेव्हा तिथं दोन लाख पंच्याऐंशी हजार कंपन्या राहत होत्या. ओबामा केमन बेटांवरच्या एका इमारतीत बारा हजार कंपन्या असल्याबद्दल संतापून बोलायचे, तेव्हा केमनवाल्यांनी विल्मिंग्टनकडे नुसतं बोट दाखवलं. डेलावेअरची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर आणि तिथं नोंदलेल्या कंपन्या व संस्था वीस लाखांच्या वर. दर माणशी दोन कंपन्या. तान्ह्या बाळांनाही आपल्या वाट्याच्या सांभाळाव्या लागत असतील.

कुठल्या राज्यात कंपनी काढावी यावर दोन पंथ आहेत आणि त्यांच्यातला वाद शैव-वैष्णवांना लाजवेल असा चालतो. डेलावेअरपंथी सांगतात की तिथलं चॅन्सरी कोर्ट १७९२ पासूनचं, ज्यूरी नाही, न्यायाधीश कंपनी कायद्यात मुरलेले. सगळं खरं. पण सांगलीतला एकुलता एक मालक स्वतःविरुद्धच दावा दाखल करणार आहे का? त्या प्रतिष्ठेपोटी तो दरवर्षी १ जूनपर्यंत ३०० डॉलर भरत राहतो. वायोमिंगला वर्षाला किमान ६० पुरतात. न्यू मेक्सिको एकदाच ५० घेतं आणि पुन्हा तोंडही बघत नाही. कॅलिफोर्नियात धंदा केला तर एलएलसीला वर्षाला किमान ८००. आणि 'न्यूयॉर्क' या नावाच्या मोहात पडलेल्यांसाठी एक खास मेजवानी आहे: तिथं एलएलसी काढली की १२० दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत सलग सहा आठवडे जाहीर नोटीस छापावी लागते. मॅनहॅटनमध्ये तिचा खर्च हजार डॉलरच्या वर सहज जातो. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' हा आपला प्रकार मागासलेला आहे, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी नोंद घ्यावी.

तर कंपनी झाली. आता तिला करखात्याचा नंबर हवा, ईआयएन. अमेरिकेत राहणाऱ्याला तो ऑनलाइन काही मिनिटांत मिळतो. आपल्या गड्याकडे तिथला सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, म्हणून त्याला ते दार बंद. त्यानं एसएस-४ नावाचा फॉर्म भरायचा, नंबराच्या रकान्यात 'फॉरेन' असं लिहायचं आणि टपालानं किंवा फॅक्सनं पाठवायचा. होय, फॅक्सनं. ज्या देशानं जगाला कृत्रिम बुद्धिमत्ता विकायला काढली आहे, त्या देशाच्या करखात्याकडे जाण्याचा मार्ग अजून फॅक्स यंत्रातून जातो. फोनचीही सोय आहे, पण ती लाइन फिलाडेल्फियाच्या वेळेनं चालते आणि तिच्यावरचं संगीत ऐकत अनेकांनी रात्री काढल्या आहेत. हा नंबर सरकार फुकट देतं, ही बातमी रीलमध्ये नसते. पॅकेजमध्ये त्याचे वेगळे पैसे असतात.

मग बँक. खरं तर बहुतेक वेळा ती बँकही नसते. कुठल्यातरी बँकेच्या पाठीवर बसलेलं एक देखणं ॲप असतं. ते विचारतं की कंपनीचा पत्ता कळला, पण तुम्ही स्वतः कुठं राहता? पुरावा द्या. आणि इथं वायोमिंगचा कुबेर जिना उतरून खाली येतो आणि आईला विचारतो, 'महावितरणचं बिल कुठं ठेवलंय?' बिल आजोबांच्या नावावर. आजोबा २००३ सालीच गेले.

आता त्या शून्य कराकडे वळू. काम तुम्ही भारतात बसून करत असाल, अमेरिकेत ना ऑफिस ना माणूस, तर सेवेच्या त्या कमाईवर अमेरिका बहुतेक वेळा कर लावत नाही. एकट्या मालकाच्या एलएलसीकडे तिथलं करखातं कंपनी म्हणून बघतच नाही. मालक आणि ती एकच, असं धरून चालतं. इथवर रीलवाला बरोबर. पण मालक परदेशी असेल तर २०१७ पासून एक अट आहे. जी कंपनी करखात्याच्या लेखी नाहीच, तिनं दरवर्षी फॉर्म ५४७२ भरायचा आणि त्याला पाठ टेकायला ११२० नावाचा एक जवळजवळ कोरा फॉर्म जोडायचा. मुदत १५ एप्रिल. हाही ऑनलाइन नाही. युटा राज्यातल्या ऑग्डेनला फॅक्सनं किंवा टपालानं. धंदा शून्य असला तरी मालकानं कंपनीत घातलेला पैसा, काढलेला पैसा, इतकंच काय कंपनी स्थापताना खिशातून भरलेली फीसुद्धा त्यात दाखवायची. विसरलात तर दंड २५,००० डॉलर. वीस लाख रुपयांच्या वर. शंभर डॉलरच्या कंपनीला. कंपनी अदृश्य, दंड मात्र ठळक, असा हा चमत्कार आहे.

या फॉर्मबद्दल रीलमध्ये एक शब्द नसतो. कारण साधं आहे. रील बनवणारा कंपनी काढून देतो, सांभाळून देत नाही.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण इथं मात्र उलटी वाचावी लागते. व्याह्याचं घोडं वर्षाला एक फॉर्म खातं. खरी खादाड गाय आपल्याच गोठ्यात आहे. भारतात राहणाऱ्या माणसाला जगभरातल्या उत्पन्नावर भारतात कर भरावा लागतो, मग कंपनी वायोमिंगात काढा नाहीतर चंद्रावर. पैसा तिथल्या खात्यात ठेवला आणि इकडे आणलाच नाही, तर तो उत्पन्नच नव्हे, ही समजूत आपल्याकडे फार लाडकी आहे. 'तिकडेच पडून आहेत हो' असं लोक सी.ए.ला सांगतात, जणू पैसे दमून झोपले आहेत.

त्याआधी रिझर्व्ह बँक. परदेशातल्या कंपनीत मालकी घेणं म्हणजे परदेशी गुंतवणूक, आणि तिचे नवे नियम २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहेत. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. आपल्या बँकेमार्फत फॉर्म एफसी भरायचा, रिझर्व्ह बँकेकडून त्या गुंतवणुकीचा नंबर घ्यायचा, मग पैसे पाठवायचे, आणि पुढं दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यायचा. आता आपला गडी काय करतो? रात्री दीड वाजता वेबसाइटवर 'बाय नाऊ' दाबतो आणि क्रेडिट कार्ड पुढं करतो. दुसऱ्या दिवशी पेढे. परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म मागायला तो बँकेच्या शाखेत गेलाच, तर काउंटरवरचा माणूस त्याला आधी पॅन-आधार लिंक आहे का विचारतो, मग आत जातो, मग बाहेर येऊन सांगतो की हे काम मुंबईच्या शाखेत होतं. मुंबईची शाखा सांगते, तुमची मूळ शाखा कुठली? या फेऱ्या कुठल्याही कायद्यात लिहिलेल्या नाहीत, पण त्या टळतही नाहीत.

शिवाय आयकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता आहे. कंपनीतली मालकी, खात्यातली शिल्लक, सगळं तिथं लिहायचं, आणि तेही जानेवारी ते डिसेंबर या वर्षाप्रमाणे, कारण बाकीचं विवरणपत्र एप्रिल ते मार्च असल्यानं आयुष्यात जो थोडा गोडवा उरला होता तो सरकारला सहन झाला नसावा. न लिहिल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दंड दहा लाख. घरजमीन सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दंड लागत नाही, एवढी दया दाखवली आहे. मूळ कायदा मोठ्या धेंडांसाठी होता. धेंडं ट्रस्टच्या आत ट्रस्ट करून निवांत आहेत. कायद्याला घाबरून रात्री जागतो तो चारशे डॉलरची शिल्लक असलेला वर्डप्रेसवाला.

आणि मग तो प्रश्न, ज्यावर तीन सी.ए. एकत्र आले तर चार मतं पडतात: हे उत्पन्न कोणाचं? अमेरिका म्हणते, कंपनी बाजूला ठेवा, मालकाचं. भारताचा कायदा परदेशात स्थापन झालेल्या संस्थेलाही कंपनी मानतो आणि तिचा कारभार कुठून चालतो ते बघतो; वर्षाची उलाढाल पन्नास कोटींच्या आत असेल तर त्या कसोटीतून सूट असल्याचं २०१७ चं परिपत्रक आहे खरं. पण मालकच इथं बसून सगळं काम करतोय, त्याचं काय? यात सगळ्यात हळहळण्यासारखी गोष्ट वेगळीच. काही ठरावीक व्यवसाय करणाऱ्यांना, ज्यांत तांत्रिक सल्ला देणारे येतात, आपल्याकडे एक सरळ सवलत आहे. वर्षाची जमा पन्नास लाखांपर्यंत, आणि जवळजवळ सगळे पैसे बँकेतून आले असतील तर पंचाहत्तर लाखांपर्यंत, असेल तर निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवा आणि मोकळे व्हा. हिशोबाच्या वह्यांची कटकट नाही. ही सवलत माणसाला आहे, कंपनीला नाही. निर्यात केलेल्या सेवेवर जीएसटीही भरावा लागत नाही, एक हमीपत्र दिलं की झालं. म्हणजे स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पत्त्यावरून बिल पाठवणारा साधा माणूस करात ज्या सुखात होता, ते सुख सोडून तो चेयेनला गेला. त्याला तिथं पाठवणाऱ्यानं मात्र कमिशन घेतलं.

मग कोणीच जाऊ नये का? तसं नाही. ज्याला आपलं सॉफ्टवेअर जगभरातल्या गिऱ्हाइकांना महिन्याच्या वर्गणीवर विकायचं आहे, त्याची अडचण खरी आहे. कार्डातून दर महिन्याला आपोआप पैसे कापण्यावर रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२१ पासून घातलेल्या अटी इथल्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत डोकं खातात. कार्डाचे पैसे गोळा करून देणारी स्ट्राइप कंपनी भारतात नवं खातं मागाल तसं देत नाही, आमंत्रण असेल तरच. त्याच स्ट्राइपची २०१६ पासून डेलावेअरात कंपनी काढून देण्याची सेवा आहे. पुढचं दार लावून घेतलं आणि बाजूच्या दाराचं तिकीट लावलं, याला धंदा म्हणतात आणि तो चोख आहे. काही अमेरिकन गिऱ्हाइकं परदेशी माणसाला पैसे द्यायला कां-कू करतात, पण तिथल्या नंबराची कंपनी दिसली की त्यांचा हिशोबनीस शांत होतो. एवढं कारण असेल, वर्षाचा खर्च परवडत असेल आणि कार्ड पुढं करण्याआधी बँक व सी.ए. गाठला असेल, तर खुशाल काढा.

पण बाकीच्यांचं कारण हे नसतं. नाशिक रोडचा पत्ता लिहिला तर गिऱ्हाईक पैसे पाडून मागेल आणि चेयेनचा लिहिला तर देईल, ही भीती त्यांना घेऊन जाते. भीती अगदीच निराधार आहे असंही म्हणवत नाही. हा सगळा धंदा आपल्या त्याच लाजेवर उभा आहे. वेबसाइटवर अमेरिकन झेंडा, अमेरिकन फोन नंबर, आणि फोन केला की मागून भाजीवाल्याची आरोळी. गिऱ्हाईक काही इतकं भोळं नसतं.

गंमत अशी की मोठी मंडळी नेमकी उलटी निघाली आहेत. गुंतवणूकदारांच्या आग्रहानं परदेशी झालेल्या आपल्या नव्या कंपन्या शेअर बाजारात उतरायचं म्हणून आता माघारी येतायत. फोनपे सिंगापूरहून आली तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे आठ हजार कोटींचा कर भरावा लागला. ग्रो डेलावेअरहून परतली, तेराशे कोटींच्या वर मोजून. (गुंतवणूकदारांना एलएलसी मुळीच चालत नाही, त्यांना साधी जुनी कॉर्पोरेशन लागते, हेही पॅकेज घेतल्यानंतरच कळतं.) हत्ती परतीच्या वाटेवर आणि मुंग्यांची रांग विमानतळाकडे.

विमानतळाचा विषय निघालाच म्हणून सांगतो, या कंपनीनं व्हिसा मिळत नाही. ज्या गुंतवणूकदार व्हिसाचं नाव रीलमध्ये कुजबुजल्यासारखं घेतात तो ई-२. तो अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि भारत त्या यादीत नाही. वायोमिंगच्या कंपनीच्या मालकाला आपल्या कंपनीचं दार बघायचं असेल तर पर्यटक म्हणून मुलाखतीच्या रांगेत उभं राहावं लागेल. खिडकीपलीकडचा अधिकारी विचारेल, 'काय करता?' खरं उत्तर दिलं तर तो आणखी प्रश्न विचारेल.

काढलेली कंपनी बंद करणं हा शेवटचा अध्याय, आणि तो बहुतेक जण वाचतच नाहीत. धंदा जमला नाही, ॲप काढून टाकलं, ईमेलचा पासवर्ड विसरला, की कंपनी संपली असं त्यांना वाटतं. डेलावेअर तसं समजत नाही. ते १ जूनला ३०० डॉलर मागतं, न दिल्यास २०० दंड आणि वर महिन्याला दीड टक्का व्याज. वायोमिंग अहवाल आला नाही की काही काळानं स्वतःच नाव खोडतं, पण त्यानं ऑग्डेनचा शेवटचा फॉर्म चुकत नाही. इकडे रिझर्व्ह बँकेलाही गुंतवणूक मोडल्याचं बँकेमार्फत कळवावं लागतं. त्यासाठी पुन्हा तीच शाखा.

दुबईच्या इमारतीसमोरच्या त्या गृहस्थांची नवी रील आली आहे. विषय: 'तुमची एलएलसी कायदेशीररीत्या बंद कशी कराल'. जुन्या ग्राहकांना सवलत. फॉर्म ५४७२ चे वेगळे.